गव्हातला कॅमेरा

भाऊ कोणतीही वस्तू दुरुस्तीला आली की आधी नाकाशी न्यायचे. मिक्सर असो, मोबाईल असो, दाढीचं मशीन असो. दोन्ही हातांत धरायचे, डोळे मिटायचे आणि बाजारात खरबूज हुंगून घेतात तसा खोल वास घ्यायचे. गिऱ्हाईक सांगत असायचं, "भाऊ, काल पोरानं पाडला, तवापासून..." भाऊ पंजा वर करून त्याला थांबवायचे.

"तू नोको सांगू. त्याले सांगू दे."

नवीन माणूस गोंधळायचा. मग भाऊ डोळे उघडून आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "पह्यले वास, मंग पेचकस."

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्या दुकानाला धड पाटी नसते, तरी कुणालाही विचारा, बोट त्याच्याकडेच दाखवतात. आमच्या रिसोडचे भाऊ तसे होते. नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर. जळालेल्या वाइंडिंगचा वास वेगळा, चहा सांडलेल्या मोबाईलचा वेगळा. एकदा एक पाहुणा म्हणाला, मोबाईल हातातून पडला. भाऊंनी हुंगला आणि विचारलं, "संडासात पडला म्हना ना. लाजता काहून?" दुकानात हशा पिकला. पाहुणाही हसला, पण दोन्ही कान लाल झाले.

मी मात्र त्या दुकानाची पायरी सतरा वर्षं चढलो नव्हतो. त्या रस्त्यानं जायचंच टाळायचो. आमच्या केनवडहून जीप रिसोडला पोचली की बाजाराला लांबचा वळसा घालून जायचो. का, ते सांगितल्याशिवाय भाऊ कसे होते हे कळणार नाही. त्यात माझी शोभा नाही, पण सांगतो.

भाऊंचं ते दुकान तेव्हा फोटो स्टुडिओ होतं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस खेड्यांतली लग्नं त्यांच्याकडे असायची. मला नुकतीच शाळेवर नोकरी लागली होती आणि पगार साठवून मी एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. चांदीच्या रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, मुठीत मावणारा. आमच्या वस्तीतला पहिला. त्याच उन्हाळ्यात माझी चुलतबहीण सुजाता हिचं लग्न ठरलं. काका गवंडीकाम करायचे. त्यांनी फोटोचं काम भाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं.

"काका, कायले?" मी म्हणालो. "माह्याजवळ कॅमेरा आहे ना. रीळ नाही, धुणं नाही. पाह्यजे तेवढे काढू."

काका हरखले. पुतण्या मास्तर, त्यात त्याचा स्वतःचा कॅमेरा. "मंग त्या भाऊले तसा निरोप देजो बापा. माणूस तारीख धरून बसते."

"देतो."

दिला नाही. विसरलो असतो तर आज लिहायला बसलो नसतो. मी दोनदा रिसोडला गेलो, दोनदा दुकानासमोर उभा राहिलो. भाऊ आत कुणाचा तरी फोटो काढत होते. त्याची हनुवटी दोन बोटांनी वर करून म्हणत होते, "हां, आता घरी भजे तळून राह्यले असं समज." आत जाऊन या माणसाला 'तुमची गरज नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, कुणाच्या तरी हाती सांगून पाठवू. मग लग्नच आलं.

लग्नाच्या दिवशी बुद्धवंदना सुरू व्हायच्या जरा आधी भाऊ स्कूटरवर आले. खांद्याला दोन बॅगा, पायाशी फ्लॅशची छत्री. मांडवाच्या तोंडाशी उतरले आणि त्यांना मी दिसलो, कॅमेरा घेऊन पुढे-मागे करणारा. मलाही ते दिसले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्यामागे लपलो.

काकांना वाटलं, निरोप पोचला आहे, भाऊ पाहुणे म्हणूनच आले. पुढे होऊन त्यांनी हात धरला. "आले का भाऊ? लय बरं केलं. फोटोची कटकट नाही आज तुमाले. बसा निवांत."

एका क्षणात भाऊंना सगळं कळलं असणार. त्यांनी काकांना एक अक्षर सांगितलं नाही. बॅगा खुर्चीखाली सरकवल्या, वंदनेला हात जोडले, मंगल परिणय होईपर्यंत बसले आणि नंतर जेवणाचं ताट घेतलं.

आणि पाठवणीच्या तोंडावर माझा कॅमेरा अडला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, कार्डाबद्दलचं. बटण दाबलं की तेच. मी बंद केला, चालू केला, तळहातावर आपटला. तिकडे सुजाता काकांच्या गळ्यात पडलेली. मला घाम फुटला. तेवढ्यात बाजूला कुणीतरी उभं राहिलं. डाव्या हातात ताट, उजवा हात खिशातल्या रुमालाला पुसत.

"आण इकडं."

भाऊंनी कॅमेरा घेतला. आधी हुंगला, हे मला आजही आठवतं. मग खालचं झाकण उघडून नखानं कार्ड काढलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं. "कार्ड गेलं. आत थोडी जागा राह्यते. दहा-बारा निघतीन. मोजून काढ." एवढं बोलून, ताट तसंच धरून, एका हातानं त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. "चालते का पाहू. हास की." बटण दाबलं. मग कॅमेरा माझ्या हातात देऊन ते परत जेवायला बसले. मी पाठवणीचे फोटो काढून वळलो तोवर स्कूटर गेलेली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. कार्डातलं काही निघालं नाही. 'आत जागा राह्यते' हे मी ऐकलं होतं, पण मला ते समजलं नव्हतं. मला वाटलं, कार्डाबद्दलच काही बोलले. नवीन कार्ड घालून पाहिलं, तर पडद्यावर एकही फोटो नाही. विचारायचं होतं एकाच माणसाला, आणि त्याच्यासमोर जायचं तोंड नव्हतं. मी घरी सांगितलं, सगळे फोटो गेले. सुजाता रडली. काका म्हणाले, "जाऊ दे ना. फोटो गेले त गेले, माणसं त आहेत."

कॅमेरा नजरेसमोर नको म्हणून मी तो पिशवीत गुंडाळून आईकडे दिला. आईनं तो गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवला. आमच्याकडे जपायची वस्तू धान्यातच जाते. कोठीत किडीच्या गोळ्याही चिंधीत बांधून टाकलेल्या असायच्या. आईचा हिशेब सरळ होता, "गव्हाले कीड लागत नाही, त याले कशी लागन?" दर वर्षी गहू बदलला, गोळ्या बदलल्या, कॅमेरा तोच राहिला.

आणि भाऊंचा स्टुडिओ? हळूहळू सगळ्यांच्याच घरात माझ्यासारखा एकेक पुतण्या निघाला. भाऊंनी पडदे गुंडाळले आणि दुरुस्तीचं टेबल मांडलं. ते माझ्या एकट्यामुळे झालं असं म्हणणं हा उलटा मोठेपणा होईल. पण सुरुवात करणाऱ्यांत मी होतो.

मग काका वारले. त्यांचा फोटो म्हणून घरात काय होतं, तर ओळखपत्रावरचा एक, तोही डोळे मिटलेला. दुसऱ्या स्मृतिदिनाच्या आधी किन्हीराजाच्या सासरहून सुजाताचा फोन आला.

"दादा, रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तुह्या त्या कॅमेऱ्यात बाबाचा एक तरी फोटो असंन का रे? नसंन त नसंन. इचारून पाह्यलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पुन्हा काहीतरी कारण सांगितलं असतं. फोन ठेवला, कोठीचं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात गव्हात घातला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी ती पायरी चढलो. भाऊंचे केस गेले होते, चष्मा जाड झाला होता. मागच्या भिंतीला जुना रंगवलेला पडदा अजून होता, त्यावरच्या धबधब्यावर आता सोल्डरची वायर लटकत होती. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"मास्तर. लय वर्षांनी."

"भाऊ, मले आधी एक सांगायचं आहे. त्या लग्नात मी..."

पंजा वर गेला. "तू नोको सांगू. त्याले सांगू दे."

त्यांनी कॅमेरा नाकाशी नेला. डोळे मिटले.  बराच वेळ गेला.

"गहू," भाऊ म्हणाले.

झाकण उघडलं तर खरंच, सेलांच्या कप्प्यातून गव्हाचा एक दाणा टेबलावर घरंगळला. सेल मी आतच ठेवले होते. त्यांतून पाणी सुटून पांढरा-हिरवा थर जमला होता, एक स्प्रिंग गंजून मोडली होती. भाऊंनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कारण थर पांढरा असला तरी बाजूची तांब्याची पट्टी काळीठिक्कर होती.

"हे सेलाचं काम नाही. गोळ्या होत्या का गव्हात?"

"हो."

"ते गॅस तांब्याले खाते. अडत्याच्या गोदामातले वजनकाटे येते ना माह्याकडं, सारे असेच काळे." ते माझ्याकडे बघून हसले. "सतरा वर्षं तू याले रोज थोडं थोडं जहर देलं, मास्तर. मानलं पाह्यजे, तरी वास जिता आहे."

मी म्हणालो, आतून काही निघेल असं वाटत नाही, पण रविवारी काकांचा कार्यक्रम आहे. तेव्हा भाऊ ताडकन उभे राहिले. चष्मा कपाळावर गेला.

"निघन असं वाटत नाही? अरे बापा, निघाले नाही का अजून? आत टाकले होते ना आपण! कार्डात नाही, त्याच्या पोटात. कार्ड काढलं की दिसते. तू पाह्यलेच नाही?"

 मी टेबलाची कड धरली. सतरा वर्षं ते फोटो आत होते. माझ्या घरात, माझ्या कोठीत, पोळ्यांच्या गव्हात. आणि मी एकदा येऊन विचारलं असतं तर काकांनी ते पाहिले असते.

"काहून नाही इचारलं?" भाऊंनी विचारलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनीच विषय सोडला. "जाऊ दे. आता मेमरी उठवाची त हा उठला पाह्यजे. एक डाव उठला तरी पुरे."

"मग आत्ता सेल घालून पाहू का? रविवार..."

त्यांनी माझा हात धरला. "घाई आहे ना? मंग आज बटण दाबाचं नाही. ओल असली ना आत, अन् करंट गेला, की संपलं. घाई असली की दमानं."

पुढचे पाच दिवस मी लहान पोरासारखा घालवले. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मनात कॅमेरा. शाळा सुटली की जीप. भाऊंनी कापसाच्या काडीवर लिंबाचा थेंब घेऊन सेलांचा क्षार काढला. तो फसफसला की ते खूश व्हायचे, "पाह्य, बोलून राह्यला." मग स्पिरिटनं पुसलं. चिकट झालेलं मुठीचं रबरही स्पिरिटनं पुसलं. बुटांच्या खोक्यांत ओल शोषायला असतात त्या दाण्यांच्या पुड्यांचा त्यांच्याकडे डबा भरलेला होता. ते दाणे लोखंडी तव्यावर मंद आचेवर शेकले, गार केले, स्टीलच्या डब्यात अंथरले, वर कापड, कापडावर कॅमेरा, आणि झाकणाला बाहेरून चिकटपट्टी. डब्यावर खडूनं लिहिलं, 'गुरुवार'.

"तोवर उघडला त जेवण बंद," त्यांनी स्वतःलाच दम दिला.

मंगळवारी आणि बुधवारी मी नुसता डबा बघून आलो. हसू नका. भाऊही माझ्यासारखेच होते. बुधवारी मी गेलो तेव्हा ते डबा कानाशी धरून बसले होते. मला पाहून झटकन खाली ठेवला.

गुरुवारी त्यांनी कॅमेरा उघडला. आधी एका कागदावर त्याचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू चित्रातल्या त्याच्या जागेवर ठेवला. फ्लॅशजवळच्या एका काळ्या नळकांडीला मी बोट लावणार तोच त्यांनी हातावर चापट मारली. "हे झटका देते. झोपलेला असला तरी इश्वास ठेवाचा नाही." ती त्यांनी रीतसर रिकामी करून घेतली. तांब्याच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, शाळेतल्या साध्या खोडरबरानं, आणि काळ्यातून लाल धातू वर आला तेव्हा आम्ही दोघंही एकदम "हां" म्हणालो. मोडक्या स्प्रिंगच्या जागी जुन्या टॉर्चची स्प्रिंग कापून बसवली. झाकणाची खिट्टी मात्र तुटलेलीच होती.

शुक्रवारी त्यांनी काही केलं नाही. "आज त्याले आराम," म्हणाले. मला वाटतं, आराम त्यांनाच हवा होता. 

शनिवारी सकाळची शाळा. मी अकराला दुकानात. भाऊंनी नवे दोन सेल घातले, खिट्टी नाही म्हणून झाकण अंगठ्यानं दाबून धरलं आणि कॅमेरा माझ्यापुढे केला.

"दाब. बटण तुह्यं आहे."

मी दाबलं. हिरवा दिवा लागला. लेन्स गुरगुरत अर्धी बाहेर आली आणि अडकली. दिवा लाल झाला, सगळं बंद.

 भाऊ कॅमेरा घेऊन उठले आणि दारात गेले. "कोंडा असंन. गव्हाचाच." त्यांनी लेन्स खाली केली, रबरी फुग्यानं हवा मारली, बारीक कुंचल्यानं कडेकडेनं झटकलं. उन्हात पिवळसर धूळ उडाली. मग दहा मिनिटं कॅमेरा हातात घेऊन ते नुसते उन्हात उभे राहिले. रस्त्यानं जाणारा म्हणाला, "काय भाऊ, कोणाचा फोटो काढून राह्यले?" भाऊ म्हणाले, "तुह्याच. पण तोंड धुऊन ये."

पुन्हा अंगठा, पुन्हा बटण. लेन्स गुरगुरली, अडली, एक कट्ट आवाज झाला आणि पूर्ण बाहेर आली. पडदा उजळला. आज तारीख काय, असं तो विचारत होता.

"तारीख विचारून राह्यला," मी म्हणालो. 

"विचारू दे. त्याले आपण मंग सांगू. पह्यले पोटात पाह्य."

मी फोटो पाहायचं बटण दाबलं. कोपऱ्यात आकडा आला, बारापैकी बारावा. सुजाता गाडीत बसलेली. मी मागे मागे जात राहिलो. अकरावा, दहावा, नववा. सातव्यात काका होते. गुलाबी फेटा, तो एका कानावर कलंडलेला, हात सुजाताच्या डोक्यावर, पांढऱ्या साडीतली ती मान खाली घालून. आणि काका हसत होते, डोळे टक्क उघडे.

"निघाला!" मी ओरडलो. समोरच्या टेलरनं मशीन थांबवलं.

"ओरडू नोको, कार्ड आण. अंगठा गेला माह्या," भाऊ म्हणाले. माझ्या मोबाईलमधलं कार्ड अडॅप्टरमध्ये घालूनही त्यात चालेना, आठ-दहा पोती साठवायच्या जागी वखार बांधावी तशी त्याची साठवण या जुन्या कॅमेऱ्याला फार मोठी होती. "तिसरा खण. काडेपेटी. तिच्यात लहानं जुनं आहे." मी खण उपसला. दोन काडेपेट्यांत काड्याच निघाल्या. तिसरीत कापसात गुंडाळलेलं कार्ड होतं. मध्येच पडदा लुकलुकला आणि भाऊंनी दुसरा अंगठाही पहिल्यावर दाबला. नखं पांढरी पडली. आम्ही कॅमेरा बंद केला, कार्ड घातलं, पुन्हा उठवला. बारा फोटो आतून कार्डात उतरायला मिनिटभर लागलं असेल. 

उतरल्यावर भाऊंनी अंगठा सोडला, झटकला आणि म्हणाले, "पह्यला दाखव."

पहिला माझा होता. त्यांनीच काढलेला. चोवीस वर्षांचा मी, घामेजलेला, कॉलर वाकडी, आणि डोळ्यांत अशी भीती की मला माझ्याकडेच बघवेना. बाकी अकरांत एक हललेला, दोन अंधारलेले. हा मात्र अगदी धड होता.

"लय भेलता तू," भाऊ म्हणाले.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. "भाऊ, मी निरोप द्यायला पाह्यजे होता. दोनदा आलतो दुकानासमोर. आत नाही आलो. तुमी सामान घेऊन एवढ्या उन्हात..."

ह्या वेळी पंजा वर गेला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्क्रूंचा कागद घडी करत म्हणाले, "वांग्याची भाजी मस्त होती त्या लग्नात."

एवढंच. त्यापुढे त्यांनी मला काही दिलं नाही आणि माझ्याकडून काही मागितलंही नाही.

काकांचा फोटो त्याच संध्याकाळी मोठा करून, चौकटीत घालून मी केनवडला आणला. रविवारी सुजाता आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "दादा, बाबा हासून राह्यले," म्हणाली. मग विचारलं, "एवढे वर्ष कुठी होता हा?"

"गव्हात."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "म्या सांगतलं नव्हतं? गव्हात काही खराब होत नाही."

मी सुजाताला खरं सांगितलं. निरोपाचं, पायरीचं, वांग्याच्या भाजीचं, सतरा वर्षं न विचारल्याचं. ती मेणबत्ती सरळ करत राहिली. म्हणाली, "बाबाले दाखवता आला असता." मला तेच ऐकायचं होतं आणि तेच ऐकवत नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्या भाऊले जेवाले बोलाव. पुढच्या रविवारपर्यंत मी थांबतो अन् वांग्याची भाजी करतो."

हा निरोप मी स्वतः नेला. पायरी चढून, आत जाऊन, समोर उभं राहून दिला. भाऊ आले. स्कूटरच्या हँडलला डबा लटकवून आले, त्यात शेकलेले दाणे. जेवता जेवता मला शिकवलं, "सेल काढून ठेवाचे. डब्यात ठेवाचा, गव्हात नाही. महिन्यातून एक डाव बाहेर काढाचा, दोन फोटो काढाचे, लेन्स आत-बाहेर होऊ द्याची. दाणे शेकाचे. वस्तू कामानं खराब होत नाही, मास्तर. तिले कोणी इचारलं नाही की होते." मग आईकडे वळून, "वहिनी, गोळ्या फक्त गव्हाले."

त्यानंतर दीड वर्ष मी बाजाराला वळसा घातला नाही. दर शनिवारी मी त्या दुकानात असायचो. किती यंत्रं उठताना पाहिली. प्रत्येक वेळी भाऊंचा चेहरा पहिल्यांदाच पाहतोय असा व्हायचा.

गेल्या थंडीत भाऊ गेले. झोपेत गेले, कुणाला काही सांगितलं नाही. दुकान आता मोबाईलच्या कव्हरांचं आहे, धबधब्याचा पडदा कुणी नेला माहीत नाही.

ती बातमी कळली त्या दिवशी मी घरी येऊन ते बारा फोटो उघडून बसलो. वाटलं, भाऊ त्या मांडवात तास-दीड तास होते, कुठंतरी मागे, कुठल्या तरी खुर्चीवर असतीलच. पहिला त्यांनीच काढलेला; बाकीचे अकरा कॅमेऱ्यावरच एकेक मोठे करून शोधले. नव्हते. मी त्या दिवशी त्यांच्याकडे कॅमेरा वळवलाच नव्हता.

मग पहिला फोटो, माझा, छापायला रिसोडच्या नव्या लॅबमध्ये दिला. तिथल्या मुलीनं तो मोठ्या पडद्यावर उघडला आणि विचारलं, "सर, खाली काहीतरी आलं आहे. कापून टाकू का?"

मी वाकून पाहिलं. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर ते कधी दिसलंच नव्हतं. फोटोच्या खालच्या कडेला स्टीलच्या ताटाची किनार आली होती. ताट धरलेला डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या बाजूला वांग्याच्या भाजीचा रस्सा, आणि अर्धी खाऊन ठेवलेली पुरी.

"नोको," मी म्हणालो. "तेवढं राहू द्या."